वाल, बटाटा आणि नीरा : डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

पालघर जिल्ह्यातील एडवण-केळव्याच्या किनारपट्टीला परिचित असलेली नीरा आणि घरोघरी शिजणारे वालाचे बिरडे, या दोहोंमागील रसायन समजून घेण्यात जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी (१९११–१९९८) यांचा वाटा मोठा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश त्यांनी १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडून आग्रहाने मिळवला आणि तेथे कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट संपादन केली.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी सहकाऱ्यांसह वालातील ट्रिप्सिनरोधक, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे प्रथिन, स्फटिकरूपात वेगळे केले. असे रोधक बियांचे किडींपासून रक्षण करतात, परंतु कच्चे कडधान्य माणसाला पचू देत नाहीत. उष्णतेने त्यांची रचना बव्हंशी मोडत असल्यामुळे भिजवून, मोड आणून, सोलून नीट शिजवलेले वाल पचनास सुलभ होतात.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही, म्हणजे चुना लावलेल्या मडक्यात जमवून पहाटे उतरवलेल्या न आंबलेल्या ताडरसाचा, अभ्यास केला आणि त्यातील जीवनसत्त्वे व लोह कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना उपकारक ठरतात, असे दाखवले. स्थानिक पिकांचा असा कसोशीने अभ्यास होणे पालघरसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्याला आजही तितकेच आवश्यक आहे.