विमानतळाचा जुना मनोरा

भवानी पेठेंतील मनुष्यास उंच बांधकाम म्हटलें कीं गिरणीचें धुराडें आठवतें. विमानापुढें मात्र उंचीचें कांहीं चालत नाहीं. २०२३ च्या जून महिन्यांत, विमानांच्या वाटेंत येतें म्हणून, सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याचें धुराडें पाडलें गेलें. विमानासाठींच उभारलेल्या नियंत्रण-मनोऱ्याची गतिही बहुधा तीच. चहूंकडे काचा लावलेल्या खोलींतून धावपट्टी पाहावयाची व बिनतारी यंत्रानें वैमानिकास मार्ग सांगावयाचा, हें त्याचें काम. नव्या इमारतींनीं दृष्टि अडली कीं दुसरा, अधिक उंच मनोरा उभा राहतो आणि पहिला अडगळ ठरतो.

लंडननजीकच्या क्रॉयडनचें नशीब, श्रोतेहो, याहून बरें. तेथील १९२० चा मनोरा जगांतील पहिला समजतात. आजची इमारत १९२८ ची. जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईच्या जुहूस आणलेलें टपाल क्रॉयडनहून निघणाऱ्या इंपीरियल एअरवेजच्या मार्गानें आलेलें होतें. १९५९ सालीं तो तळ बंद झाला, मैदानाच्या बऱ्याच भागावर वस्ती झाली, मनोरा राहिला. त्यास कायद्याचें संरक्षण आहे, व स्वयंसेवक तेथें संग्रहालय चालवितात. लिव्हरपूलच्या स्पीक येथील इमारतीचें तर हॉटेल झालें! पाडण्यापेक्षां तेंही बरेंच म्हणावयाचें.

भिंती राखणें त्या मानानें सोपें. काचेच्या खोलींतील यंत्रें, नकाशे, नोंदवह्या यांची यादी व छायाचित्रें मनोरा चालू असतांनाच करावीं लागतात. कुलूप लागल्यावर भंगारांत काय गेलें, हें सांगणारा कोणी उरत नाहीं.