उंचीआधी जमीन बघा

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्यात झाडांच्या छाटणीची कामं निघाली की रस्त्याकडेला ट्रकवरची हायड्रॉलिक शिडी दिसू लागते. असं यंत्र घ्यायला निघालेला माणूस पहिलं विचारतो, "किती मीटर जातं?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा असायला हवा.

माहितीपत्रकातली 'कामाची उंची' म्हणजे माणूस उभा राहतो त्या पाळण्याच्या तळाची उंची अधिक दोन मीटर. 20 मीटरच्या लिफ्टमध्ये माणसाचे पाय 18 मीटरवर असतात. त्यातून बूम, म्हणजे पाळणा उचलणारा हात, पूर्ण उभा केला की बाजूला फारसं जाता येत नाही. सर्वांत लांबची पोच मिळते ती मधल्या उंचीवर. आणि आपल्याकडचं काम बहुतेक आडवंच असतं. पर्जन्यवृक्ष उंचीपेक्षा पसरतो जास्त. त्याची फांदी रस्ता ओलांडून समोरच्या गच्चीवर टेकते, गाडी मात्र खोडाजवळ उभी. म्हणून आडव्या पोचीचा आलेख मागून घ्या आणि तो पाळण्यात किती वजन धरून काढलाय, तेही बघा. दोन माणसं आणि करवती मिळून दोनशे किलो सहज होतात. सरळ लांबणारा बूम फांद्यांच्या जाळीत अडतो. कोपरात वळणारा खालच्या फांदीला वळसा घालून वर शिरतो.

सोसायटीच्या मागच्या अंगणात ट्रक शिरत नाही. तिथे स्पायडर लिफ्टच हवी. रबरी पट्ट्यांवर चालणारं हे यंत्र जेमतेम मीटरभराच्या फाटकातून आत जातं आणि मग चार पाय पसरतं. प्रत्येक पाय स्वतंत्र खालीवर होतो, त्यामुळे उतारावरही ते समतल उभं राहतं. मुळांवरची मातीही ट्रकइतकी दाबली जात नाही. मात्र आत पाय पसरायला मोकळी जागा लागतेच आणि उभं राहिल्यावर सगळा भार त्या चार ठिकाणी येतो. आपल्या फुटपाथवर पेव्हर ब्लॉकखाली गटाराचं चेंबर असू शकतं. वरून काहीच कळत नाही. भार आला की झाकण खचतं आणि वर पाळणा कित्येक फूट हेलकावतो. प्रत्येक पायाखाली रुंद, जाड फळी हवीच.

जवळ 11 केव्हीची तार असेल तर पोलादी बूम घेऊन जाऊच नये. फायबरग्लासचा, नियमित तपासलेला इन्सुलेटेड बूम वेगळा मिळतो, पण तोही दोन तारांना एकदम हात लागला तर वाचवत नाही. आधी वीजपुरवठा बंद करून घ्यायचा, मग करवत.

पाळण्यात हार्नेस आखूड दोरीने पाळण्यालाच बांधलेला हवा, झाडाला नाही. कापलेलं लाकूड बूमवर आदळलं की धक्क्याने माणूस बाहेर फेकला जातो. बूमला ओंडका लटकवणं तर सरळ जिवाशी खेळ.

आणि विक्रेता दाखवायला आला की इंजिन बंद करायला सांगा. पाळणा वर असताना खालच्या माणसाला तो हातपंपाने उतरवता येतो का, ते पैसे देण्याआधी स्वतः करून बघा.