हृदयातील रक्तप्रवाह आणि त्याची परिभाषा

मराठीत आपण ज्याला ‘काळीज’ म्हणतो, त्याचा हिंदी भाऊबंद ‘कलेजा’ यकृताचा अर्थ अद्यापि बाळगून आहे. खाटकाकडे ‘कलेजी’ मागणाऱ्यास यकृतच मिळते. संस्कृत कोशांतही ‘कालेय’ शब्दाचा एक अर्थ यकृत असाच आहे. काव्यात हा गोंधळ खपून जातो. शास्त्रीय लेखनाच्या अनुवादात तो खपत नाही, आणि हृदयाच्या बाबतीत अनुवादकाची वाट काळीज-हृदयापाशीच अडते असे नाही.

प्रत्यक्षात हा सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा, मुठीएवढा स्नायुमय अवयव दोन फुप्फुसांच्या मध्ये, किंचित डावीकडे, टोक खाली करून असतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याला अधोमुख कमळाची उपमा दिली आहे. आकारापुरती ती मार्मिक आहे. ते जागेपणी उमलते व निद्रेत मिटते, हा पुढचा भाग मात्र टिकणारा नाही. उमलणे-मिटणे अहोरात्र चालू असते, दिवसाला सुमारे १ लाख वेळा.

आत चार दालने आहेत. वरची दोन अलिंदे, खालची दोन निलये. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी. युरोपीय संज्ञेतही रोमन घराचे दर्शनी दालनच आहे. ‘निलय’ हा शब्द तितका समर्पक वाटत नाही, कारण रक्त तेथे वस्तीला राहत नाही, क्षणार्धात बाहेर फेकले जाते. शरीरभर फिरून आलेले रक्त ऊर्ध्व व अधो महानीलांतून उजव्या अलिंदात येते, त्रिदली झडपेतून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुस-रोहिणीवाटे फुप्फुसांत जाते. तेथून चार फुप्फुस-नीलांनी ते डाव्या अलिंदात परतते, द्विदली झडप ओलांडून डाव्या निलयात येते व महारोहिणीतून सर्व शरीरात पसरते. निलयांच्या मुखाशी असलेल्या या दोन झडपा उलट बाजूला कलंडू नयेत म्हणून त्यांच्या कडा बारीक तंतूंनी निलयाच्या भिंतीवरील स्नायूंशी जखडलेल्या असतात. त्या मिटल्या की हृदयाचा पहिला ध्वनी उमटतो; रोहिण्यांच्या मुखांवरील अर्धचंद्राकृती झडपा मिटल्या की दुसरा. उजव्या निलयाला रक्त जवळच्या फुप्फुसांतच लोटावयाचे असते, डाव्याला मस्तकापासून तळपायापर्यंत. म्हणून डाव्याची भिंत उजव्याच्या जवळजवळ तिप्पट जाड असते.

येथे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. ‘रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध’ हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. ते चुकीचे आहे. रोहिणी म्हणजे हृदयापासून दूर रक्त नेणारी वाहिनी, नीला म्हणजे हृदयाकडे आणणारी. त्यामुळे फुप्फुस-रोहिणीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस-नीलेत प्राणवायूने समृद्ध. शिवाय ‘अशुद्ध’ हा शब्द आपल्या समाजात निरुपद्रवी नाही. रक्ताच्या शुद्धतेवरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या भाषेत तो रसायनशास्त्राच्या अर्थापुरता थांबेल अशी अपेक्षा व्यर्थ होय. ‘प्राणवायुयुक्त’ आणि ‘प्राणवायुन्यून’ हे शब्द बोजड असतील, पण ते खोटे नाहीत.

शब्दांपेक्षाही हिशेबाने या विषयात अधिक उलथापालथ केली. गेलेनच्या मते रक्त यकृतात सतत नव्याने तयार होत असे आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपत असे. ही छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच पलीकडे जाते, असे तेराव्या शतकात इब्न अल्-नफीसने स्पष्ट लिहिले. १६२८ साली विल्यम हार्वेने साधा गुणाकार मांडला: प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त बाहेर पडते असे धरले तरी अर्ध्या तासात साऱ्या शरीरात असेल त्याहून अधिक रक्त हृदयातून जाते. आजच्या मोजमापाने विश्रांतीतही एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ५ लिटर. इतके रक्त खाल्लेल्या अन्नापासून घडीघडीला निर्माण होणे अशक्य. तेव्हा तेच फिरून येत असले पाहिजे. रोहिण्यांतले रक्त नीलांत नेमके कोणत्या वाटेने जाते, हे मात्र हार्वेला दिसले नाही. १६५७ साली तो वारला; चार वर्षांनी मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या.