पाटाच्या पाण्याला शिस्त लावणारे अभियंते : सर विश्वेश्वरय्या

शेतकरी बंधूंनो, पाटाच्या मुखाशी ऊस डुलतो आणि शेवटच्या टोकाला ज्वारीही वाळते, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नीरा कालव्यावरही हीच स्थिती होती. त्यावर उपाय सुचविणारे अभियंते पुढे म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. ते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

पुण्यात शिक्षण, खानदेशात नोकरी

त्यांचा जन्म कर्नाटकातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर वारल्याने शिकवण्या करून ते शिकले. १८८३ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीच्या काळात खानदेशात पांझरा नदीखालून पाण्याचा नळ नेण्याचे अवघड काम त्यांनी पार पाडले.

ब्लॉक पद्धत

पाणी मिळेल तितके उसाला द्यायचे, या सवयीने पाणी थोड्या गावांत अडकते व जमीन पाणथळ आणि खारवट होते. म्हणून १८९९ च्या सुमारास त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. तिची मुख्य सूत्रे अशी :

१) पाणी मोजक्या गावांत न जिरविता अधिक गावांत विभागून द्यावे.
२) ठरवून दिलेल्या ब्लॉकमध्ये सुमारे एक तृतीयांश भागात ऊस व उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके घ्यावीत.
३) उसाची जागा दरवर्षी बदलावी, म्हणजे जमिनीला विश्रांती मिळते.
४) ब्लॉकला ठरावीक वर्षे पाण्याची हमी असावी.

प्रारंभी बागायतदारांनी विरोध केला. मनाजोगते पाणी सोडणे कोणाला आवडेल? परंतु पाण्याची हमी मिळू लागताच ही पद्धत रुजली.

खडकवासल्याच्या भिंतीची उंची न वाढविता त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविले. त्यामुळे पाण्याची पातळी सुमारे ८ फूट अधिक ठेवता आली. पूर येताच दरवाजे आपोआप उघडत व पूर ओसरताच मिटत.

अभियंता ते दिवाण

१९०८ मध्ये मुंबई सरकारची नोकरी सोडून १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. पुढील वर्षी महाराजांनी त्यांना दिवाण नेमले. ब्रिटिश अंमलाखालील संस्थानात हे सर्वोच्च प्रशासकीय पद होते. १९१३ मध्ये म्हैसूर बँक व हेब्बाळची कृषी शाळा, तर १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ सुरू झाले. कृष्णराजसागरच्या पाण्याने पुढे मंड्या भाग ऊस-भाताचा झाला.

मात्र, मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या धोरणाशी त्यांचे मतभेद झाले व १९१८ मध्ये ते पदावरून दूर झाले. गुणवत्ताच निकष असावा, असे त्यांचे मत होते. शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजांची मागणीही तितकीच न्याय्य होती. टोकाच्या गावाला पाणी पोहोचविणाऱ्या अभियंत्याला हा वाटपाचा प्रश्न तसा दिसला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीची मर्यादा म्हणावी लागेल.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

बंधूंनो, आपल्या चारीवर पाणीवाटपाची बैठक भरेल तेव्हा पहिला प्रश्न टोकाच्या शेतकऱ्याचा घ्या. उसाचे क्षेत्र पाण्याच्या हिशेबाने ठरवा आणि त्याची जागा आलटून पालटून बदला. यात जमिनीचे हित आहे आणि शेजाऱ्याचेही.