एकच फोटो दोन ठिकाणी वेगळा का दिसतो?

फोटोग्राफीवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो: "एडिट करताना फोटो छान दिसतो, मग दुसरीकडे उघडला की फिका का पडतो?" आज तेवढाच विषय घेऊ. सुरुवात आमच्या फजितीपासून करतो.

एका पावसाळ्यात आम्ही घोरावाडी स्टेशनावर उतरून घोरावडेश्वरच्या डोंगरावर गेलो होतो. लेण्यांच्या काळ्या कातळावर ओलं, दाट हिरवं गवत होतं. घरी येऊन एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये फोटो उघडला, तर अगदी तोच हिरवा. पण तीच फाइल कॉम्प्युटरवरच्या साध्या व्ह्यूअरमध्ये उघडली, तर गवत उन्हाळ्यातलं वाटावं इतकं मळकट! आम्हाला वाटलं, एडिटिंग कमी पडलं. रंग वाढवले आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. पुन्हा एडिटरमध्ये पाहिलं, तर गवत पोपटी होऊन भगभगत होतं, पात्यापात्यांतला फरक गेला होता. मूळ प्रत ठेवलीच नव्हती. फोटो आधी बरोबर होता, तो आम्हीच दुरुस्त करून बिघडवला.

हे कशामुळे होतं? फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, साधारणतः ० ते २५५ मधले. आता '२५५ हिरवा' म्हणजे नेमका कुठला हिरवा? आकडा एकटा ते सांगू शकत नाही.

जुन्या मापांचं उदाहरण घ्या. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. पावतीवर नुसतं 'एक मण' लिहिलं असेल, तर माल किती ते कळणार कसं? कुठला मण, हे लिहायलाच हवं. फोटोच्या बाबतीत ही माहिती ज्यात असते, त्याला कलर प्रोफाइल म्हणतात. ही प्रोफाइलं सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहिली जावीत म्हणून १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, म्हणजे आयसीसी, स्थापन केली. (क्रिकेटची ती वेगळी!)

नेहमीची दोन मापं अशी. एसआरजीबी हे ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं, साध्या पडद्यांना धरून. अॅडोबी आरजीबी १९९८ चं. दोन्हींतलं लालचं आणि निळ्याचं टोक एकच, पण अॅडोबीचं हिरव्याचं टोक बरंच लांब आहे. माप मोठं असल्यानं तोच रंग लिहायला आकडा लहान लागतो. एसआरजीबीतला सगळ्यात गडद लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल अॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. आमच्या कॅमेऱ्यावर अॅडोबी आरजीबी लावलेलं होतं. एडिटरनं प्रोफाइल वाचलं. व्ह्यूअरनं ते न वाचता आकडे सरळ पडद्यावर टाकले. २१९ ला तो २१९ च समजला आणि रंग फिका पडला.

इथे आणखी एक माप येतं, ते पडद्याचं. रंगांची मोठी आवाका असलेल्या पडद्यावर प्रोफाइल न वाचणारा प्रोग्राम साधा एसआरजीबी फोटोसुद्धा भडक दाखवतो. फाइलचं आणि पडद्याचं अशी दोन्ही प्रोफाइलं वाचून मधला हिशोब करणं, याला कलर मॅनेजमेंट म्हणतात. रॉ फाइलची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात कॅमेऱ्यानं केलेलं छोटं जेपेग असतं, ते आधी दिसतं. मग प्रोग्राम स्वतःच्या पद्धतीनं रंग काढतो, म्हणून दोन सेकंदांत फोटो 'बदलतो'.

रंग एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची अडचण आपल्या मावळाला जुनीच आहे. घोरावाडीहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं की वाटेत मळवली लागतं. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना पुढे तिथे आला. तैलचित्र छापायचं तर त्याचे रंग वेगवेगळ्या दगडांवर वाटून, एकावर एक शाई चढवावी लागे. चित्रकाराचा रंग आणि आपली शाई, दोन्ही ओळखणारा कारागीर नसेल तर साडीचा रंग बदललाच म्हणून समजा. प्रोफाइल म्हणजे तीच ओळख, आकड्यांत लिहून ठेवलेली.

बरं, हे फक्त हौसेपुरतं आहे का? इंद्रायणी भात पिकवणारा शेतकरी पानाचा फोटो मोबाइलवर पाठवून सल्ला विचारतो. पान पिवळट दिसलं की नत्र कमी, असा अंदाज निघतो आणि युरिया पडतो. पिवळटपणा पानाचा नसून पडद्याचा असेल तर? भातासाठी पानाच्या रंगाची पट्टी मिळते, तिच्यावर फिक्यापासून गडदपर्यंत हिरव्या छटा असतात. पान त्या पट्टीशी शेतातच ताडून पाहावं. फोटो पाठवायचाच असेल तर पट्टी शेजारी धरून काढावा. रंग बदलले तरी दोन्हींचे एकत्र बदलतील.

आता करायचं काय? मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका. इतरांना पाठवायची प्रत एसआरजीबीत 'कन्व्हर्ट' करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. 'असाइन' मात्र करू नका. कन्व्हर्ट म्हणजे बंगालच्या एका मणाचे मुंबईचे जवळजवळ तीन मण लिहिणं, माल तेवढाच. असाइन म्हणजे आकडा तोच ठेवून मणाचं नाव बदलणं, मग माल बदलतो. रंग तपासताना पडद्याचा रात्रीचा पिवळा मोड बंद ठेवा. जमलं तर पडदा कॅलिब्रेट करून घ्या.

आणि फोटो फिका दिसला की रंगांना हात लावण्याआधी तोच फोटो प्रोफाइल वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये एकदा उघडून बघा. आम्ही तेवढं केलं असतं, तर घोरावडेश्वरचा तो पाऊस आज तुम्हाला दाखवता आला असता.