नोंद खरी, अर्थ चुकीचा

कॅडेट मित्रांनो, लॉग म्हणजे सर्व्हरची गेटवरची नोंदवही. कोण आले, किती वाजता आले, आत सोडले की परत पाठवले, हे त्यात आपोआप उतरते. ती वही वाचताना माझ्या हातून एकदा मोठी चूक होता होता राहिली.

एका सकाळी शाळेच्या ईमेल सर्व्हरवर आदल्या तारखेच्या ओळी दिसल्या. वेळ 20:40. कार्यालयाच्या खात्यासाठी चुकीचा पासवर्ड, एकामागून एक. पत्ता शाळेच्याच नेटवर्कमधला. त्या वेळी प्रेपला संगणक कक्षात दोनच कॅडेट होते. मी त्यांना बोलावले. "सर, आम्ही फक्त प्रोजेक्ट टाइप करत होतो," एवढेच ते म्हणाले. माझा विश्वास बसला नाही. मी अहवाल लिहायला घेतला.

अहवालात संगणकाचा क्रमांक हवा म्हणून पत्ता तपासला, तर तो कक्षातल्या एकाही संगणकाचा नव्हता. तो आमच्या वेबमेल सर्व्हरचा होता. ब्राउझरमधून मेल उघडणाऱ्याचा पासवर्ड वेबमेल पुढे मेल सर्व्हरकडे नेते. त्यामुळे मेल सर्व्हरच्या वहीत निरोप्याचा पत्ता पडतो. निरोप कोणाचा, हे वेबमेलच्या लॉगमध्ये सापडते.

तो लॉग उघडला. 20:40 ला एकही ओळ नव्हती. तेवढेच प्रयत्न 02:10 ला होते, शेजारी +0530 लिहिलेले, आणि पत्ता शाळेबाहेरचा.

आता उलगडा झाला. मेल सर्व्हर जागतिक वेळेत, म्हणजे सैन्यात जिला 'झुलू' म्हणतात त्या वेळेत, नोंदी करत होता. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. 15 अंशांना एक तास, म्हणून आपण साडेपाच तास पुढे. 20:40 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 02:10. दोन्ही मुले तेव्हा गाढ झोपेत होती.

घड्याळ बरोबरच होते. ती वेळ कुठली, हे मात्र ओळीत लिहिलेले नव्हते. आता आमच्या प्रत्येक नोंदीत +05:30 उमटते. खात्याचा पासवर्ड बदलला आणि तो बाहेरचा पत्ता बंद केला.

त्याच संध्याकाळी फॉल-इनमध्ये, सर्वांसमोर, मी दोघांची माफी मागितली.

लॉग वाचताना आधी दोन प्रश्न विचारा: वेळ कोणत्या घड्याळाची? पत्ता पाहुण्याचा की निरोप्याचा? आणि दुसरा लॉग जुळल्याशिवाय कोणाचे नाव घेऊ नका.