जुन्या व्हॅनसाठी पेट्रोलची टाकी निवडताना

१९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी या नावाने घरोघरी पोहोचली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मात्र रस्त्यावर उरलेल्या गाड्यांच्या पत्र्याच्या टाक्या आता गंजू लागल्या आहेत. पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी तळाशी साचते आणि टाकी आतून कुजते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते. त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असणाऱ्या गाडीला हा धोका अधिक.

नवी टाकी घेताना केवळ आकार जुळणे पुरेसे नाही. कार्ब्युरेटरच्या व्हॅनमध्ये यांत्रिक पंप इंजिनावर असतो व तो टाकीतून पेट्रोल ओढतो. एमपीएफआय इंजिनासाठी विद्युत पंप टाकीतच बसतो, त्यामुळे टाकीच्या तोंडाची रचनाच निराळी असते. म्हणून दुकानात नुसती ‘ओम्नीची टाकी’ न मागता आर. सी. पुस्तकातील उत्पादनवर्ष व चॅसिस क्रमांक सांगावा.

भंगार बाजारातील टाकी स्वस्त पडते, पण ताज्या रंगाला भुलू नये. हलविल्यावर आत गंजाच्या खपल्या खुळखुळल्या, तर ती घेऊ नये.

जुन्याच टाकीला वेल्डिंग करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो जिवावर बेतू शकतो. स्फोट होतो तो हवेत मिसळलेल्या पेट्रोलच्या वाफेचा, आणि ‘रिकाम्या’ टाकीत नेमकी तीच भरलेली असते.

टाकीबरोबर रबरी नळ्या व क्लिपाही बदलाव्यात. प्रथम थोडेच पेट्रोल भरून सर्व सांधे तपासावेत.